कौसाकाकूनं सांगितलेला सिनेमा

कौसाकाकू सिनेमा पाहायची नाही, ऐकायची. डावा कान पडद्याकडे आणि तोंड आम्हा बायापोरींकडे, अशी ती पोत्यावर तिरपी बसायची. पडद्याचा उजेड तिच्या त्या कानावर पडायचा. त्या कानाची पाळी मधोमध चिरलेली होती, म्हणून तिच्या फक्त उजव्या कानात फूल असायचं. काय झालं असं विचारलं की म्हणायची, मागाच्या दोरीत अडकला. लहानपणी मला ते पटलं होतं. बाईचा कान अडकेल अशी दोरी कुठल्याच मागाला नसते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आमचं गाव लाखांदूरच्या रस्त्यावर. एसटीतून उतरलं की एका हाताला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या हाताला कोष्टीपुरा, म्हणजे विणकरांची गल्ली. काकू तिथली. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, आम्ही शेतीवाले. मी शाळेत जायला लागले त्या सुमारास गावाजवळ कालव्याचं काम निघालं आणि आंध्रातून आलेल्या मजुरांच्या झोपड्या उठल्या. कोणीतरी बंद पडलेल्या राइस मिलचं गोडाऊन भाड्यानं घेऊन तिथं पडदा लावला. संध्याकाळी हिंदी खेळ. पण संध्याकाळच्या खेळाला चांगल्या घरच्या बाईनं जायचं नाही, असा गावाचा कायदा होता. कोणी केला ते माहीत नाही, पण मोडायची कोणाची छाती नव्हती.

मंगळवारी मात्र बाजार. त्या दिवशी मजुरांना सुट्टी, म्हणून दुपारी त्यांच्यासाठी एक तेलुगू खेळ लागायचा. बाजाराची पिशवी घेऊन निघालेली बाई दुपारी दोन तास कुठे होती हे कोण विचारणार? बाया त्या खेळात शिरू लागल्या. अशा रीतीनं आमच्या गावच्या पुरुषांनी हिंदी सिनेमे पाहिले आणि बायांनी तेलुगू. मी आईबरोबर जायची. घरून पोतं न्यायचं, मागच्या भिंतीशी अंथरायचं आणि काकूभोवती गोल करून बसायचं.

कारण तेलुगू यायचं एकट्या काकूला. लग्नानंतर नऊ वर्षं ती तिकडे दक्षिणेत होती, नवरा रेल्वेत होता. मग एक दिवस एक पेटी घेऊन एकटीच आली आणि बापाच्या मागावर बसली. नवऱ्याचं काय झालं ते तिनं सांगितलं नाही. कुंकू मात्र लावायची, त्यामुळे विचारणाऱ्यांची पंचाईत व्हायची.

तिची सांगायची एक पद्धत होती. 'आता पाय हं', म्हणजे आता पाहा, असं म्हणून एक बोट वर करायची. बोट वर गेलं की वीस-पंचवीस बायांची कुजबुज बंद. मग बारीक आवाजात, आमच्या बोलीत, ती नायकाचं सांगायची, नायिकेचं सांगायची, नोकराचं सांगायची. गाणं लागलं की बोट खाली. गाण्यात काई नाई, फुटाणे खा, असा हुकूम सुटायचा. समोर बसलेले मजूर आधी हसायचे आणि आम्ही जरा वेळानं. बाहेर उभ्या माणसाला वाटत असेल, आत दोन सिनेमे चालू आहेत.

एका सिनेमात एक खाष्ट सासू होती. काकूनं तिला आमच्या गल्लीतल्या पार्बताबाईंची बोलण्याची ढब देऊन टाकली. पार्बताबाई कायम 'मी कायले बोलू?' म्हणून सुरुवात करायच्या आणि तासभर बोलायच्या. पडद्यावरची सासूही तसंच बोलू लागली. बायांनी तोंडात पदर कोंबले. पार्बताबाई तिथंच बसल्या होत्या आणि सगळ्यांत जास्त त्याच हसत होत्या. घरी जाताना आईला म्हणाल्या, असल्या सासवा तिकडंच असतात, आपल्याकडं नाही.

एवढं असूनही काकूच्या तोंडून तेलुगूचा एक शब्द कोणी ऐकला नव्हता. बाजारात मजुरांच्या बाया समोर दिसल्या की ती वाट बदलायची. एकदा कालव्यावरच्या एका बाईचं लेकरू तापानं फणफणलं. दवाखान्यात तिचं बोलणं कोणाला कळेना, म्हणून काकूला बोलावलं. काकू आली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं बाहेर येऊन ताप किती दिवसांचा, झटके आले का, पोटात काय गेलं, सगळं नीट सांगितलं. लेकरू वाचलं. पण दाराबाहेर उभ्या असलेल्यांना आतलं काही ऐकू आलं नाही. बाबा तर म्हणायचे, तिले काई येत नाई, फेकते. आजारी लेकराची माय हातवाऱ्यानंही सांगू शकते. माझ्या बाबांचा पुराव्याशिवाय कशावरच विश्वास नसायचा. मोठी झाल्यावर मलाही बाबांचंच खरं वाटू लागलं होतं.

माझा सगळ्यांत आवडता सिनेमा किल्ल्यांचा. त्याचं खरं नाव तेलुगूत होतं, आम्ही त्याला किल्ल्यांचा सिनेमाच म्हणायचो. एका मोठ्या घरची सून, तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि जुडग्याला बारीक घुंगरू. ती घरात फिरली की घुंगरू वाजायचं. अंगणात झोपाळा होता, झोपाळ्याशेजारी पिंजऱ्यात पांढरा पोपट होता. सुनेला कोणी टाकून बोललं की पोपट त्याला उलट बोलायचा. पोपट काय बोलतो तेही काकूच सांगायची, आणि मला सुनेपेक्षा पोपटाची जास्त काळजी असायची. पुढे नवऱ्याचं मन दुसऱ्या बाईवर जातं. तो सुनेला मारतो, गोठ्यात राहायला लावतो. शेवटी ती उंबऱ्यात येऊन उभी राहते, कमरेचा जुडगा सोडते, हातात धरते, तोंड उघडते. आणि तेवढ्यात करंट गेला.

अर्धा तास आम्ही पदरानं वारा घेत बसलो. मग मालकानं येऊन सांगितलं की शेवटचं रीळ पुढच्या बाजारी दाखवू. तो आठवडा कोष्टीपुऱ्यात दुसरा विषय नव्हता. सून काय म्हणणार? कोणी म्हणे माफी मागेल, कोणी म्हणे नवराच माफी मागेल, कोणी म्हणे ती विहीर जवळ करेल. माझ्या आईनं घरच्या किल्ल्यांना घुंगरू बांधलं आणि मी ते कमरेला खोचून दिवसभर संदुका उघडत-लावत फिरले.

त्याच आठवड्यात शेवंताआत्या आली. बाबांची धाकटी बहीण, तिकडे आंबागडच्या बाजूला दिली होती. उजवं मनगट सुजून कोहळ्याएवढं झालेलं. पडली, असं म्हणाली. तिची ही तिसरी खेप होती. आधी दोन्ही वेळा बाबांनीच तिला परत नेऊन घातलं होतं. बाबा वाईट माणूस नव्हते. तिच्या लग्नात ते रडले होते, असं आई सांगायची. पण दिलेली मुलगी दिलेल्या घरीच शोभते यावर त्यांचा इतका विश्वास होता की त्यांना तिचं मनगट दिसत असूनही दिसत नव्हतं. बुधवारी सकाळच्या एसटीनं तिला पोहोचवायचं ठरलं. मंगळवारी आईनं तिला जरा मन रमेल म्हणून आमच्याबरोबर गोडाऊनमध्ये आणलं.

ती दुपार मला अजून दिसते. टिनाच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडद्यावर पडले होते. काकूनं पोतं अंथरलं, आत्याला आपल्या अगदी समोर बसवलं, तिच्या मनगटाकडं एकदा पाहिलं आणि काही विचारलं नाही. शेवटचं रीळ सुरू झालं. सून उंबऱ्यात, नवरा समोर, हातात जुडगा. घुंगरू वाजलं. काकूचं बोट वर गेलं.

सून बोलू लागली. बोलता बोलता तिनं जुडगा नवऱ्याच्या पायापाशी ठेवला. समोरच्या तेलुगू बाया एकदम हुंदके द्यायला लागल्या. आणि काकू गप्प.

तिचं बोट तसंच वर होतं. सांग न वं, असं मागून कोणीतरी म्हणालं. काकू आत्याकडं पाहत होती. काकू सिनेमा सांगताना थांबली असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, मला वाटलं ती विसरली. पडद्यावर नवरा रडत होता आणि सून वळून तळ्याच्या पाळीवरून दूर दूर चालत निघाली होती.

"ती म्हणते," काकू हळूच बोलली, "हे घर तुह्यं, ह्या किल्ल्या तुह्या. मी चालली. वापस येत नाई."

मजुरांच्या बाया काहून रडून राहिल्या, असं आईनं विचारलं. काकू म्हणाली, त्यांच्याकडं बाईनं घर सोडलं की रडतात. मग ती उठून पोतं झटकायला लागली.

बुधवारी सकाळी बाबा एसटीच्या वेळेला तयार होऊन अंगणात उभे होते. आत्या बोचकं घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. तिथं तिनं ते खाली ठेवलं आणि मी जात नाही म्हणाली. बाबांना वाटलं तिला बरं नाही. ती पुन्हा तेच म्हणाली, आणि बोचकं तिथंच टाकून कौसाकाकूच्या घरी चालत गेली. तिच्या चालण्याकडं पाहून मी, आठ वर्षांची कार्टी, मोठ्यानं म्हणाले, आत्या किल्ल्यांच्या सिनेमातल्यासारखी चालते. बाबांना सगळं कळलं ते माझ्यामुळे.

त्यांनी काकूच्या दारात उभं राहून काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. काकू रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती, तिनं मान वर केली नाही. त्या दिवसापासून बाबांनी तिचं तोंड पाहिलं नाही. ती समोरून आली की ते मान वळवायचे, आणि घरात विषय निघाला की एकच म्हणायचे, की एका बाईनं खोटंनाटं सांगून माझ्या बहिणीचं घर मोडलं. आत्या काकूकडंच राहिली. मागावर बसायला शिकली. लुगडी विणू लागली, आणि पुढे तिचा हात इतका बसला की तिचं काठाचं काम लोक ओळखू लागले. गल्लीतच तिनं दोन खोल्या बांधल्या. नवऱ्यानं दुसरी केली, तीही टिकली नाही, असं कानावर आलं. आत्यानं ते ऐकलं आणि मागाचा धोटा तसाच चालू ठेवला.

अशी बारा वर्षं गेली. मी लाखनीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. पोरांना ओरडून ओरडून माझा स्वभाव बाबांवर गेला आहे हे मला तिथं कळलं.

एका शनिवारी बाबांचा निरोप आला, उद्या गावी ये. जाऊन पाहते तर आत्याच्या नवऱ्याचा सांगावा आला होता. त्याचं एक अंग लुळं पडलं होतं. घरात करणारं कोणी नव्हतं, झालं गेलं विसरून शेवंतानं यावं, असं म्हणत होता. बाबांनी मनात ठरवून टाकलं होतं. नवरा आहे शेवटी, असं ते म्हणाले. आता तर त्याचा हातही उचलत नाही. हे वाक्य ते समजूत घालण्यासाठी बोलले होते.

आत्यानं विचार करते असं सांगितलं होतं, आणि रविवारी दुपारी तिचं उत्तर घ्यायला बाबा तिच्या घरी आले. बरोबर मी आणि आई. आत्याच्या पुढच्या खोलीत अर्धी जागा मागाच्या खड्ड्यानं व्यापलेली, कोपऱ्यात तिनं स्वतःच्या कमाईतून घेतलेला, लाकडी दारांचा टीव्ही. दाराजवळ कौसाकाकू रहाटावर कांड्या भरत बसली होती. केस पांढरे झाले होते, डावा कान तसाच. बाबा खुर्चीवर बसले आणि त्यांनी तोंड टीव्हीकडं केलं. बारा वर्षांत ही दोघं पहिल्यांदाच एका छपराखाली आली होती. कोणीच बोलेना, म्हणून आईनं टीव्हीचं बटण फिरवलं.

रविवारी दुपारी तेव्हा दुसऱ्या भाषांतले सिनेमे लागायचे, खाली इंग्रजी अक्षरं यायची. मुंग्या-मुंग्यांतून चित्र वर आलं. एक झोपाळा दिसला. मग घुंगरू वाजलं.

आईनं माझा हात धरला. आत्याचा धोटा थांबला. काकूचा रहाट मात्र चालू होता. अवं, हा तर किल्ल्यांचा, असं आईच्या तोंडून निघून गेलं, आणि बाबांनी आमच्या चेहऱ्यांकडं एकेक करून पाहिलं. ते काय ते समजले. खाली इंग्रजी येतं ना, असं त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली.

"मंग वाच," बाबा म्हणाले. "एक अक्षर न गाळता."

मी वाचू लागले. बारा वर्षं मनात जपलेला सिनेमा असा, बापाच्या पहाऱ्यात, पुन्हा पाहायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. ते मोठं घर रंगवलेल्या कापडाचं होतं, वारा आला की भिंत हलायची. सून मला आईच्या वयाची आठवत होती. ती माझ्याच वयाची निघाली, विशीतली पोर. आणि पोपट. माझा तो पोपट सबंध सिनेमात एकदाही बोलला नाही. पिंजऱ्यात कापूस भरलेलं काहीतरी बसवलं होतं.

बाबांच्या ते लक्षात आलं. पोपट बोलत होता म्हणे, असं ते कोणाकडं न पाहता म्हणाले. काकूच्या रहाटाचा आवाज जरा मंदावला आणि पुन्हा सुरू झाला. सगळंच बनावट असेल तर आज या खोलीत काय होईल, ते मला दिसत होतं.

पण पोपट सोडला तर बाकी सगळं जुळत होतं. नवऱ्याचं बोलणं, नोकराचं, गोठ्यातलं सुनेचं रडणं. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायची, आणि माझ्या तोंडून तीच वाक्यं यायची जी मी आठ वर्षांची असताना पोत्यावर बसून ऐकली होती. म्हणजे हिला भाषा येत होती. चांगली येत होती. बाबा खुर्चीत चुळबुळ करू लागले. मला धीर आला, आवाज मोकळा झाला, शाळेत वाचते तशी मी खणखणीत वाचू लागले. शेवट मला ठाऊकच होता.

सून उंबऱ्यात आली. जुडगा सोडला, हातात धरला. या वेळी करंट गेला नाही. जावा असं मला फार वाटलं, कारण खाली अक्षरं आली आणि मी ती मनात वाचली. ती म्हणत होती, या किल्ल्या आता तिच्या आहेत, जी तुम्हाला आवडते तिच्या. मी जाऊन तिला घेऊन येते. तुम्हा दोघांचे पाय धुईन आणि गोठ्यात पडून राहीन, एवढी दया करा. नवरा रडला. सून तळ्याच्या पाळीवरून चालत निघाली, सवतीला आणायला.

काय म्हणते, असं बाबांनी विचारलं. मी आत्याकडं पाहिलं. ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती, दोन्ही हात ताण्याच्या धाग्यांवर. एक मनगट दुसऱ्यापेक्षा जरा वाकडं होतं, ते कधी सरळ बसलंच नाही. मला त्या क्षणी फक्त तेवढंच दिसत होतं.

"ती म्हणते," मी म्हणाले, "हे घर तुझं, या किल्ल्या तुझ्या. मी चालले. परत येत नाही."

असंच लिहिलं आहे का, असं बाबांनी विचारलं. मी हो म्हणाले. बापाच्या तोंडावर मी बोललेलं ते पहिलं धडधडीत खोटं. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांची मान खाली जाऊ लागली.

रहाट थांबला.

"पोट्टी खोटं वाचून राह्यली, दामूभाऊ," काकू बाबांना म्हणाली.

ती दारातून उठली नाही. तिथूनच, पडद्याकडं पाठ करून, तिनं सुनेचं सगळं बोलणं सांगितलं. सवतीचं, पाय धुण्याचं, गोठ्याचं. मी जे वाचलं होतं ते सगळं त्यात होतं, वर दोन गोष्टी जास्त होत्या ज्या खालच्या अक्षरांत आल्याच नव्हत्या. मग म्हणाली, तेव्हाही ती असंच म्हणत होती, मी बदललं. माझं खोटं या पोरीच्या माथी नको. आणि तो फाटका कान चाचपत तिनं हेही सांगितलं की ती स्वतः दोनदा परत गेली होती. दुसऱ्यांदा गेली तेव्हा कान गेला. त्या भाषेत ती इतकं रडली आहे की ती भाषा तिच्याच्यानं तोंडी आणवत नाही.

बाबा उभे राहिले. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्यांच्या हाती आलं होतं.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच निंगालं," ते म्हणाले. "खोटं सांगून माह्या बहिणीचं घर मोडलं."

काकूनं मान खाली घातली. मला तिच्यासाठी काहीतरी बोलायचं होतं, पण माझंच खोटं अजून ताजं होतं. बोलली ती आत्या. ती जागेवरून हललीही नाही.

"दादा, मी त्या दिवशी सिनेमा कोठी पायला? मी त काकूकडं पाहत होती. समोरच्या साऱ्या बाया रडून राहिल्या होत्या. मले तवाच समजलं, पडद्यावर दुसरंच काई चालू आहे म्हणून."

काकूनं मान वर केली. तिला हे माहीत नव्हतं. बारा वर्षं, आधी एका छपराखाली आणि नंतर एका गल्लीत राहून तिला हे माहीत नव्हतं.

"अन् त्याले सांगजो," आत्या म्हणाली, "मी येत नाई."

मग तिनं धोटा मारला. टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. बाबा पुन्हा खुर्चीवर बसले, कारण निघून जावं असंही काही उरलं नव्हतं. थोड्या वेळानं आईनं चहा आणला. चहा काकूच्या घरून आणलेल्या दुधाचा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनी कप हातात घेतला, निवेपर्यंत धरून ठेवला आणि मग प्यायला.

त्यानंतर काकू फार दिवस राहिली नाही. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीआधी ती गेली, मला शाळेतून यायला उशीर झाला. त्यामुळे तिची माझी शेवटची भेट म्हणजे त्या उन्हाळ्यातला एक मंगळवार. कालव्याच्या दुरुस्तीला पुन्हा आंध्रातली माणसं आली होती. मी सुट्टी संपवून लाखनीला निघाले होते आणि बाजारातून एसटीकडं जात होते. मिरच्यांच्या ढिगापाशी काकू उकिडवी बसलेली दिसली. समोर एक तेलुगू बाई, कडेवर लेकरू. काकू बोलत होती. हात उडवत, मान हलवत, डोक्यावरचा पदर मागे पडलेला, फाटका कान उघडा. सिनेमा सांगताना ती संथ बोलायची. हे बोलणं धबाधबा येत होतं, आणि समोरची बाई हसत हसत मिरच्या विसरली होती.

शेजारी शेवंताआत्या दोन्ही पिशव्या धरून उभी होती. मी जवळ जाऊन काकूला विचारलं, काय म्हणते ती? काकूनं माझ्याकडं न पाहता बोट वर केलं. मी गप्प राहिले, जुनी सवय. मला वाटलं आता ती सांगेल. पण ती बोलतच राहिली, आणि बोट तसंच वर.

एसटीचा हॉर्न वाजला. काकूला हाक मारावी म्हणून मी पुढे झाले, तर आत्यानं मला कोपरानं अडवलं.

"बोलू दे तिले," ती म्हणाली. "लय वर्षं गप होती."